टर्मिनलमधून कॅमेरा चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा जोडला, कमांड दिली आणि चित्राऐवजी एररच्या ओळी धावू लागल्या, की बहुतेकजण शोधून सापडलेला एखादा ऑप्शन लावून पाहतात, मग दुसरा, मग तिसरा. तासाभराने मूळ कमांड काय होती तेही आठवत नाही. कॅमेऱ्याच्या काचेपासून बघणाऱ्याच्या पडद्यापर्यंत चित्राला केबल, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर, फॉरमॅट, एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग), नेटवर्क आणि प्लेअर असे बरेच टप्पे ओलांडावे लागतात. बिघाड यांतल्या एकाच टप्प्यावर असतो, पण त्याचा परिणाम दिसतो पुढच्या कुठल्यातरी टप्प्यावर. म्हणून खालची जवळजवळ सगळी उत्तरं 'नेमकं कुठे अडलंय' हे शोधण्याबद्दल आहेत.

इथल्या कमांड मुख्यतः लिनक्ससाठी आहेत. कमांड, ऑप्शन आणि एररचे संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायचे.

काहीच चालत नाहीये. सुरुवात कुठून करू?

सगळ्यात खालच्या टप्प्यापासून. यूएसबी कॅमेरा असेल तर आधी 'एलएसयूएसबी' चालवा. यादीत कॅमेराच नसेल तर एफएफएमपेगचे (व्हिडिओ घेणाऱ्या आणि बदलणाऱ्या टूलचे) ऑप्शन बदलून काही होणार नाही. केबल, पोर्ट किंवा हब बघा. यादीत असेल तर 'व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-डिव्हायसेस' चालवा. तिथे कॅमेऱ्याच्या नावाखाली '/डेव्ह/व्हिडिओ०' असं काही दिसलं म्हणजे कर्नलने तो ओळखला आणि ड्रायव्हर लागला. रास्पबेरी पाय या छोट्या, एका बोर्डावरच्या संगणकाच्या (पुढे नुसतं 'पाय') रिबन केबलवरचा कॅमेरा असेल तर हेच काम 'आरपीकॅम-हॅलो --लिस्ट-कॅमेराज' करतं.

त्यानंतर एकच फोटो काढा. फोटो नीट आला की दहा सेकंदांचा व्हिडिओ त्याच मशीनवर फाइलमध्ये साठवा. तोही नीट वाजला तरच नेटवर्कवर स्ट्रीम करा. या क्रमाने गेलात तर जिथे पायरी चुकते तिथेच दोष सापडतो. थेट स्ट्रीमपासून सुरुवात केली तर सगळे टप्पे एकदम संशयित ठरतात.

एररच्या वीस ओळी येतात. त्यातली कोणती वाचायची?

पहिली. शेवटची ओळ फक्त 'काम फसलं' एवढंच सांगते. का फसलं ते बरंच वर लिहिलेलं असतं. एफएफएमपेगमध्ये सुरुवातीला आवृत्ती आणि बिल्डची लांबलचक माहिती येते. ती '-हाइड_बॅनर' लावून बंद करा, म्हणजे कामाच्या ओळी डोळ्यांत भरतील. माहिती अपुरी वाटली तर '-लॉगलेव्हल व्हर्बोज' द्या, किंवा '-रिपोर्ट' द्या, म्हणजे पूर्ण लॉग चालू फोल्डरमध्ये फाइल म्हणून साठतो. यूएसबीच्या तक्रारी मात्र कर्नलच्या लॉगमध्येच सापडतात. दुसऱ्या खिडकीत 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेवा आणि मग कॅमेरा काढून पुन्हा लावा. त्या क्षणी काय घडतं ते समोर दिसतं.

सगळेच इशारे गंभीर नसतात. 'डेप्रिकेटेड पिक्सेल फॉरमॅट यूज्ड' ही एफएफएमपेगची ओळ वेबकॅम वापरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला दिसते आणि तिच्यामुळे काम थांबत नाही.

'रास्पिस्टिल: कमांड नॉट फाउंड' असं का येतं?

कारण ते टूल आता सिस्टिममध्ये नाही. रास्पबेरी पायची रास्पिस्टिल आणि रास्पिव्हिड ही टूल जुन्या कॅमेरा प्रणालीवर चालत. २०२१ मध्ये आलेल्या 'बुल्सआय' आवृत्तीपासून त्यांची जागा लिबकॅमेरा या नव्या कॅमेरा प्रणालीवर आधारलेल्या 'लिबकॅमेरा-स्टिल' आणि 'लिबकॅमेरा-व्हिड' यांनी घेतली. २०२३ मध्ये 'बुकवर्म' आवृत्तीच्या काळात त्याच टूलची नावं 'आरपीकॅम-स्टिल', 'आरपीकॅम-व्हिड' अशी झाली. एखादा लेख वाचताना त्यातल्या कमांडचं नाव बघितलं तरी तो कोणत्या काळातला आहे ते कळतं. बरेच ऑप्शन तसेच राहिले, पण सगळे नाही. त्यामुळे जुनी कमांड उचलून फक्त नाव बदलण्यापेक्षा '--हेल्प' एकदा वाचलेलं बरं.

याच कारणाने 'व्हीसीजेनसीएमडी गेट_कॅमेरा' चं उत्तरही फसवं ठरतं. ती कमांड जुन्या प्रणालीलाच विचारते. नव्या प्रणालीत कॅमेरा उत्तम चालत असतानाही ती 'डिटेक्टेड=०' सांगू शकते. तिच्यावर विसंबून कॅमेरा खराब ठरवू नका.

'नो कॅमेराज अव्हेलेबल' येतं. कॅमेरा गेला का?

बहुतेक वेळा कॅमेरा ठणठणीत असतो आणि दोष केबलचा असतो. पाय बंद करा, वीज काढा आणि केबल दोन्ही टोकांना पुन्हा बसवा. रिबनची उघड्या पट्ट्यांची बाजू कनेक्टरमधल्या पिनांकडे हवी, रिबन सरळ आत गेलेली हवी आणि कनेक्टरची पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबलेली हवी. एक बाजू किंचित वर राहिली तरी कॅमेरा सापडत नाही. पाय ४ पर्यंतच्या मोठ्या बोर्डांवर १५ पिनांचा कनेक्टर आहे, तर पाय ५ आणि झिरोवर २२ पिनांचा अरुंद कनेक्टर. त्यांना वेगळी केबल लागते.

केबल नक्की बरोबर असेल तर 'कॉन्फिग.टीएक्सटी' उघडा. बुकवर्मपासून ती '/बूट/फर्मवेअर' मध्ये असते, त्याआधी थेट '/बूट' मध्ये असे. 'कॅमेरा_ऑटो_डिटेक्ट=१' ही ओळ असेल तर अधिकृत मॉड्यूल आपोआप ओळखली जातात. इतर कंपन्यांच्या मॉड्यूलसाठी मात्र ती ० करून सेन्सरचं नाव स्वतः द्यावं लागतं, उदाहरणार्थ 'डीटीओव्हरले=आयएमएक्स२१९'. सेन्सर कोणता ते मॉड्यूलवरून ठरतं: पहिलं मॉड्यूल ओव्ही५६४७, दुसरं आयएमएक्स२१९, एचक्यू कॅमेरा आयएमएक्स४७७, तिसरं मॉड्यूल आयएमएक्स७०८. पाय ५ वर दोन कॅमेरा पोर्ट आहेत, म्हणून ओव्हरलेच्या नावापुढे स्वल्पविराम देऊन 'कॅम०' किंवा 'कॅम१' लिहिता येतं. बदलानंतर रीबूट करायला विसरू नका.

एकच वेबकॅम आहे, तरी /डेव्ह/व्हिडिओ० आणि /डेव्ह/व्हिडिओ१ असे दोन का दिसतात?

दुसरा नोड (म्हणजे '/डेव्ह' मधली नोंद) चित्रासाठी नसून मेटाडेटासाठी, म्हणजे चित्राबद्दलच्या माहितीसाठी असतो. लिनक्सचा यूव्हीसी ड्रायव्हर, म्हणजे यूएसबी वेबकॅम चालवणारा ड्रायव्हर, तो वेगळा दाखवतो. तुम्ही चुकून त्याच्यावर एफएफएमपेग लावलं तर 'इनअप्रोप्रिएट आयओसीटीएल फॉर डिव्हाइस' असा गोंधळात टाकणारा संदेश येतो. 'व्ही४एल२-सीटीएल -डी /डेव्ह/व्हिडिओ१ --लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट' चालवून फॉरमॅटची यादी रिकामी आली, तर तो नोड सोडून द्या.

हे आकडे रीबूटनंतर किंवा केबल हलवल्यावर बदलतातही. स्क्रिप्टमध्ये '/डेव्ह/व्हिडिओ०' लिहिण्याऐवजी '/डेव्ह/व्ही४एल/बाय-आयडी' या फोल्डरमधलं लांब नाव लिहा. ते त्या विशिष्ट कॅमेऱ्याला बांधलेलं असतं.

पायच्या रिबन कॅमेऱ्यावर एफएफएमपेगने थेट चित्र का मिळत नाही?

कारण तो वेबकॅमसारखा तयार चित्र देत नाही. सेन्सर कच्चा बायर डेटा पाठवतो. त्यातून रंग, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बसवलेलं चित्र घडवायचं काम पायमधला इमेज प्रोसेसर लिबकॅमेराच्या देखरेखीखाली करतो. '/डेव्ह/व्हिडिओ०' उघडून ते मिळत नाही. एफएफएमपेगच वापरायचं असेल तर 'आरपीकॅम-व्हिड' चं आउटपुट '-ओ -' देऊन पाइपमधून त्याच्याकडे वळवा. जीस्ट्रीमर वापरत असाल तर 'व्ही४एल२एसआरसी' ऐवजी 'लिबकॅमेराएसआरसी' घ्या.

'परमिशन डिनाइड' आलं तर सुडो लावू का?

सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं. दोष परवानगीचाच आहे का, हे ओळखण्यापुरतं एकदा लावा, कायमचं नको. तुमचं खातं 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये घाला: 'सुडो यूजरमॉड -एजी व्हिडिओ' (ए लहान, जी मोठा) आणि पुढे खात्याचं नाव. लॉगआउट करून पुन्हा लॉगइन केल्याशिवाय हा बदल लागू होत नाही, आणि बरेचजण इथेच अडतात. 'ग्रुप्स' ही कमांड चालवून नाव आलंय का बघा. डिव्हाइसला सर्वांसाठी ७७७ परवानगी देणं टाळा, कारण मग त्या मशीनवरची कोणतीही प्रोसेस तुमच्या कॅमेऱ्यातून बघू शकते.

'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणजे?

दुसऱ्या कुणीतरी कॅमेरा धरून ठेवलाय. 'फ्यूजर -व्ही /डेव्ह/व्हिडिओ०' ती प्रोसेस दाखवेल. दुसऱ्या खात्याची असेल तर आधी सुडो लावा. बहुधा ब्राउझरचा विसरलेला टॅब असतो किंवा मागच्या प्रयत्नातलं एफएफएमपेग अजून चालू असतं. कंट्रोल-झेड दाबल्याने प्रोग्राम संपत नाही, नुसता थांबतो आणि कॅमेरा तसाच धरून बसतो. बंद करायचा असेल तर कंट्रोल-सी. लिबकॅमेरामध्ये हाच दोष 'पाइपलाइन हँडलर इन यूज बाय अनदर प्रोसेस' या शब्दांत दिसतो.

डिस्क रिकामी आहे, तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' का?

या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण संदेश वाचून लोक डिस्क साफ करत बसतात आणि दोष पूर्णपणे दुसरीकडे असतो. स्ट्रीम सुरू करताना हा संदेश आला, तर जागा संपलेली असते यूएसबीच्या बँडविड्थमधली.

वेबकॅम स्ट्रीम सुरू करताना यूएसबी बसवर आपल्यासाठी ठरावीक बँडविड्थ राखून ठेवतो. रेल्वेच्या आरक्षणासारखंच हे आहे: प्रवासी आला नाही तरी बर्थ दुसऱ्याला मिळत नाही. यूएसबी २ चा एकूण वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. त्यात एका कॅमेऱ्याला जास्तीत जास्त सुमारे २४.५ मेगाबाइट प्रतिसेकंद राखता येतात, आणि बरेच कॅमेरे गरज कमी असली तरी तेवढे मागून ठेवतात. म्हणून पहिला कॅमेरा छान चालतो आणि त्याच हबवर दुसरा लावताच हा एरर येतो.

उपायांमध्ये पहिला म्हणजे कॅमेरे वेगवेगळ्या यूएसबी कंट्रोलरवर नेणं. 'एलएसयूएसबी -टी' ने कोण कशाला जोडलंय ते झाडाच्या रूपात बघा. वेगळं दिसणारं भोक आतून त्याच कंट्रोलरवर जोडलेलं असू शकतं. यूएसबी ३ चा हब घेऊनही बरेचदा फरक पडत नाही, कारण यूएसबी २ चा कॅमेरा तिथेही यूएसबी २ च्याच तारांवर चालतो. दुसरा उपाय म्हणजे रेझोल्युशन किंवा फ्रेमरेट कमी करणं. तिसरा, यूव्हीसी ड्रायव्हर 'क्वर्क्स=१२८' या पर्यायाने लोड करणं. मग ड्रायव्हर कॅमेऱ्याच्या मागणीवर विश्वास न ठेवता गरजेचा हिशोब स्वतः करतो. पण हा हिशोब फक्त वायूवायव्हीसारख्या न दाबलेल्या फॉरमॅटला लागू होतो, एमजेपेगला (ज्यात प्रत्येक फ्रेम दाबून पाठवतात) नाही. हा पर्याय लावूनही फरक पडला नाही अशी तक्रार असते, तेव्हा फॉरमॅट आधी तपासावा.

३० फ्रेम मागितल्या, पण ५ किंवा १५ च मिळतात. का?

दोन अगदी वेगळी कारणं असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

५ फ्रेम मिळत असतील तर कारण फॉरमॅटमध्ये आहे. वायूवायव्ही फॉरमॅटमध्ये प्रत्येक पिक्सेलला २ बाइट लागतात. १९२० × १०८० ची एक फ्रेम जवळपास ४.१ मेगाबाइटची होते. सेकंदाला अशा ३० म्हणजे सुमारे १२४ मेगाबाइट, म्हणजेच १००० मेगाबिटच्या आसपास. यूएसबी २ ची पूर्ण क्षमताच ४८० मेगाबिट. ६४० × ४८० ला हाच हिशोब १४७ मेगाबिट येतो आणि तो मावतो. म्हणून कॅमेरा मोठ्या चित्राला वायूवायव्हीमध्ये मोजक्याच फ्रेम देतो, तर एमजेपेगमध्ये ३० देतो. कोणत्या फॉरमॅटला कोणते फ्रेमरेट आहेत ते '--लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट' मध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं. एफएफएमपेगला '-इनपुट_फॉरमॅट एमजेपेग' स्वतः सांगा, नाहीतर ते वायूवायव्ही निवडू शकतं.

दिवसा ३० आणि संध्याकाळी १५ मिळत असतील तर फॉरमॅटचा संबंध नाही. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला उजेड घ्यायला जास्तीत जास्त ३३ मिलिसेकंद मिळतात. खोलीत अंधार झाला की ऑटो एक्स्पोजर तो वेळ ६६ पर्यंत वाढवतं आणि फ्रेमरेट आपोआप निम्मा होतो. 'एक्स्पोजर_डायनॅमिक_फ्रेमरेट' हा कंट्रोल ० केला की कॅमेरा फ्रेमरेट टिकवतो, मात्र चित्र काळोखं किंवा दाणेदार होतं. जुन्या कर्नलमध्ये याच कंट्रोलचं नाव 'एक्स्पोजर_ऑटो_प्रायॉरिटी' होतं, त्यामुळे '--लिस्ट-सीटीआरएल्स' मधलं नाव बघूनच टाइप करा. खरं सांगायचं तर इथे सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एक जास्तीचा दिवा.

एफएफएमपेगला रेझोल्युशन दिलं, पण ते ऐकतच नाही.

ऑप्शनची जागा बघा. एफएफएमपेगमध्ये '-आय' च्या आधी लिहिलेलं इनपुटला लागू होतं आणि नंतर लिहिलेलं आउटपुटला. कॅमेऱ्याला सांगायचं सगळं, म्हणजे '-एफ व्ही४एल२', फॉरमॅट, '-फ्रेमरेट' आणि '-व्हिडिओ_साइझ', हे '-आय /डेव्ह/व्हिडिओ०' च्या आधी यायला हवं. कॅमेऱ्याला न जमणारं माप मागितलं तर तो जवळचं दुसरं माप देतो आणि लॉगमध्ये तसं लिहितो. ती ओळ वाचा.

पहिला फोटो काळा किंवा हिरवट येतो.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स स्थिर व्हायला काही फ्रेम लागतात, आणि तुम्ही पहिलीच फ्रेम उचलता आहात. 'एफएसवेबकॅम' या फोटो काढणाऱ्या टूलमध्ये '-एस २०' (एस मोठा) दिलं की पहिल्या २० फ्रेम सोडल्या जातात. 'आरपीकॅम-स्टिल' याच कारणाने मुळात ५ सेकंद थांबतं. घाईने '-टी १' किंवा '--इमिजिएट' लावलं की हा वेळ जातो. टाइमलॅप्समध्ये रंग फोटोगणिक बदलत असतील तर '--शटर', '--गेन' आणि '--एडब्ल्यूबीगेन्स' हे तिन्ही ठरावीक करून ठेवा.

चित्रावर आडवे पट्टे सरकतात.

दिवे विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात. ५० हर्ट्झच्या विजेत ही लुकलुक सेकंदाला १०० वेळा होते, म्हणून एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत हवं. ६० हर्ट्झला ८.३३ च्या पटीत. वेबकॅमवर 'पॉवर_लाइन_फ्रीक्वेन्सी' हा कंट्रोल ५० हर्ट्झसाठी १ आणि ६० साठी २ ठेवा. आरपीकॅममध्ये '--फ्लिकर-पीरियड १००००यूएस' असं देतात. पण कडक उजेडात एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या खाली जावंच लागलं तर पट्टे पूर्ण जात नाहीत.

उन्हातलं हिरवं झाड जांभळट-गुलाबी दिसतं.

मॉड्यूल 'नोआयआर' आहे, म्हणजे त्यात अवरक्त किरण अडवणारा फिल्टरच नाही. '--ट्यूनिंग-फाइल' ला त्या सेन्सरची 'नोआयआर' फाइल दिल्याने रंग थोडे सुधारतात, मूळचे होत नाहीत. फिल्टरचं काम सॉफ्टवेअरला करता येत नाही.

रेकॉर्ड केलेला व्हिडिओ फोनवर चालत नाही, किंवा भलत्याच वेगाने धावतो.

वेगाची गोष्ट आधी. 'डॉट एच२६४' फाइल हा एच२६४ पद्धतीने दाबलेल्या व्हिडिओचा नुसता कच्चा प्रवाह असतो. प्रत्येक फ्रेम कधी दाखवायची याची नोंद त्यात नसते आणि प्लेअर अंदाज बांधतो. 'एफएफएमपेग -फ्रेमरेट ३० -आय फाइल.एच२६४ -सी कॉपी फाइल.एमपी४' अशी कमांड द्या, ३० च्या जागी तुमचा खरा फ्रेमरेट. पुन्हा एन्कोडिंग होत नाही, त्यामुळे दर्जाही घटत नाही. फाइलच्या नावाला एमपी४ लिहिल्याने ती एमपी४ होतेच असं नाही: पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर 'आरपीकॅम-व्हिड' ला '--कोडेक लिबएव्ही' ही सांगावं लागतं.

संगणकावर चालतो पण फोनवर किंवा ब्राउझरमध्ये नाही, असं असेल तर पिक्सेल फॉरमॅट तपासा. वेबकॅमचा एमजेपेग बहुधा ४:२:२ रंगनोंदीचा असतो. एफएफएमपेग तोच फॉरमॅट पुढे एच२६४ मध्ये नेतं, आणि फोनमधले डीकोडर ४:२:० चीच अपेक्षा ठेवतात. आउटपुटच्या आधी '-पिक्स_एफएमटी वाययूव्ही४२०पी' घाला. प्रश्न इथेच सुटतो.

'मूव्ह अॅटम नॉट फाउंड' ही तिसरी गोष्ट. एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच वीज गेली किंवा 'किल -९' दिलं, तर ती लिहिलीच जात नाही आणि पूर्ण फाइल उघडत नाही. जिथे वीज जाऊ शकते तिथे एमकेव्हीमध्ये साठवा, किंवा '-मूव्हफ्लॅग्स +फ्रॅग_कीफ्रेम+एम्प्टी_मूव्ह' वापरा. मग गेली तर शेवटची काही सेकंदं जातात, पूर्ण रेकॉर्डिंग नाही.

स्ट्रीम सुरू आहे, पण उशिरा जोडलेल्याला काळा पडदा दिसतो.

त्याला कीफ्रेम (इतर फ्रेमवर न विसंबणारं पूर्ण चित्र) आणि एन्कोडरचा हेडर (व्हिडिओ उलगडायला लागणारी सुरुवातीची माहिती) मिळालेला नाही. हेडर फक्त सुरुवातीला एकदाच पाठवला असेल तर नंतर येणारा प्लेअर कायम ताटकळतो. 'आरपीकॅम-व्हिड' ला '--इनलाइन' दिलं की प्रत्येक कीफ्रेमसोबत हेडर जातो. कीफ्रेम किती फ्रेमनंतर यावी ते '--इंट्रा' ने ठरवा, एफएफएमपेगमध्ये '-जी' ने. सेकंदा-दोन सेकंदाला एक कीफ्रेम पुरते. पत्त्यात '०.०.०.०' देऊन '--लिसन' लावलं तर स्ट्रीम कुणीतरी जोडलं जाईपर्यंत थांबून राहते. कमांड अडकल्यासारखी वाटते, पण ती वाट बघत असते.

स्ट्रीम दोन-तीन सेकंद मागे असते. कमी कशी करू?

आधी प्लेअरकडे बघा, कारण विलंबाचा मोठा भाग बहुधा तिथेच असतो. व्हीएलसी नेटवर्क स्ट्रीमसाठी मुळात १००० मिलिसेकंदांचा बफर ठेवतं; '--नेटवर्क-कॅशिंग' ने तो कमी करा. 'एफएफप्ले' ला '-एफफ्लॅग्स नोबफर -फ्लॅग्स लो_डिले' द्या. पाठवणाऱ्या बाजूला एक्स२६४ हा सॉफ्टवेअर एन्कोडर वापरत असाल तर '-ट्यून झीरोलेटन्सी' लावा, म्हणजे एन्कोडर पुढच्या फ्रेमची वाट बघत थांबणार नाही.

विलंब स्थिर नसून मिनिटागणिक वाढत असेल तर मात्र बफर कमी करून उपयोग नाही. एन्कोडर किंवा नेटवर्क मागे पडतंय आणि फ्रेमची रांग लांबतेय. एफएफएमपेगच्या खालच्या ओळीत 'स्पीड' १ पेक्षा खाली असेल तर प्रोसेसर पुरत नाही. पाय ५ वर हे पाय ४ पेक्षा लवकर होऊ शकतं, कारण पाय ५ मध्ये एच२६४ चा हार्डवेअर एन्कोडर नाही. सगळं एन्कोडिंग प्रोसेसरवर होतं. वेबकॅमचा एमजेपेग पुन्हा एन्कोड न करता '-सी:व्ही कॉपी' ने तसाच पाठवणं हाही एक चांगला मार्ग आहे. बँडविड्थ जास्त लागते, प्रोसेसर जवळजवळ मोकळा राहतो.

आयपी कॅमेऱ्याच्या आरटीएसपी स्ट्रीममध्ये राखाडी डाग पडतात, किंवा '४०१ अनऑथराइज्ड' येतं.

आरटीएसपी म्हणजे आयपी कॅमेरे ज्या पद्धतीने नेटवर्कवर चित्र देतात ती. डाग म्हणजे हरवलेली पाकिटं. एफएफएमपेग आणि एफएफप्ले आधी यूडीपी वापरतात, ज्यात हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवलं जात नाही; टीसीपीमध्ये जातं. '-आय' च्या आधी '-आरटीएसपी_ट्रान्सपोर्ट टीसीपी' लिहा. वायफायवर हा फरक ताबडतोब दिसतो.

४०१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड पोचला नाही. पासवर्डमध्ये '@' असेल तर तो पत्त्यात '%४०' असा लिहावा लागतो, नाहीतर तिथेच सर्व्हरचं नाव सुरू झालं असं टूल समजतं. पत्त्यात '&' असेल तर पूर्ण पत्ता एकेरी अवतरणचिन्हांत ठेवा. तसं केलं नाही तर शेल '&' पाशी कमांड तोडून पहिला भाग मागे चालवायला पाठवतं आणि अर्धाच पत्ता कॅमेऱ्याकडे जातो.

जीफोटो२ 'कुड नॉट क्लेम द यूएसबी डिव्हाइस' म्हणतं.

जीफोटो२ हे यूएसबीवरून डिजिटल कॅमेरा चालवणारं टूल. हा संदेश म्हणजे डेस्कटॉपने कॅमेरा आधीच उघडलाय. लिनक्सवर 'जीव्हीएफएस-जीफोटो२-व्हॉल्यूम-मॉनिटर' ही प्रोसेस बंद करा आणि फाइल मॅनेजरमध्ये कॅमेरा माउंट झाला असेल तर अनमाउंट करा. मॅकवर हेच काम 'पीटीपीकॅमेराडी' करत असतं. मग 'जीफोटो२ --ऑटो-डिटेक्ट', आणि '--अॅबिलिटीज' ने तुमचं मॉडेल काय काय करू देतं ते बघा. सगळे कॅमेरे यूएसबीवरून फोटो काढू देत नाहीत.

मॅक किंवा विंडोजवर काय वेगळं?

मॅकवर '-एफ एव्हीफाउंडेशन', विंडोजवर '-एफ डीशो', आणि दोन्हीकडे '-लिस्ट_डिव्हायसेस ट्रू' ने यादी. मॅकवर टर्मिनल अॅपलाच कॅमेऱ्याची परवानगी लागते. ती गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये द्या. '२९.९७' चा फ्रेमरेट चालत नाही अशी तक्रार आली तर '-फ्रेमरेट ३०' स्पष्ट लिहा. विंडोजवर 'रिअल-टाइम बफर टू फुल' आलं तर '-आरटीबफसाइझ' वाढवा, पण बफर पुन्हा पुन्हा भरत असेल तर दोष एन्कोडरच्या वेगाचा आहे.

हाताने चालणारी कमांड क्रॉनमधून चालत नाही.

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय. तीन गोष्टी तपासा. क्रॉनचा 'पाथ' (टूल शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, म्हणून टूलचा पूर्ण पत्ता लिहा. पडदा नसतो, म्हणून आरपीकॅमला '-एन' देऊन प्रीव्ह्यू बंद करा. आणि फाइलच्या नावात तारीख घातली असेल तर '%' च्या आधी उलटी तिरपी रेघ द्या, कारण क्रॉनटॅबमध्ये नुसता '%' म्हणजे नवी ओळ. ही तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही, कारण तीच कमांड टर्मिनलमध्ये बिनतक्रार चालते. शेवटी '>> लॉग.टीएक्सटी २>&१' जोडा, म्हणजे एरर कुठेतरी वाचता येतील.

काही तासांनी कॅमेरा आपोआप बंद पडतो.

'डीमेसेज' मध्ये 'यूएसबी डिस्कनेक्ट' शोधा. ते असेल तर वीज किंवा केबल. पायवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चालवा: ०x० म्हणजे सगळं ठीक, ०x५०००० म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलं होतं, ०x५०००५ म्हणजे आत्ताही कमी आहे. तिथे अॅडॉप्टर आणि त्याची केबल बदलणं हाच उपाय. डिस्कनेक्ट नसेल तर 'डीएफ -एच' बघा. या वेळी खरोखरच डिस्क भरलेली असू शकते.

एवढं करूनही सुटलं नाही. मदत मागताना काय द्यावं?

पूर्ण कमांड, पूर्ण आउटपुट मजकूर म्हणून, आणि टूलची व कर्नलची आवृत्ती. स्क्रीनचा फोटो नको; त्यातून कुणाला शोधता येत नाही आणि नेमकी पहिली ओळ बहुतेकदा वर कापली गेलेली असते. '--लिस्ट-फॉरमॅट्स-एक्स्ट' किंवा '--लिस्ट-कॅमेराज' चं उत्तरही जोडा. आरटीएसपीचा लॉग चिकटवण्याआधी पत्ता नीट वाचा: कॅमेऱ्याचं नाव आणि पासवर्ड त्यात उघडे लिहिलेले असतात, ते खोडून मगच पाठवा.